इनासभाऊंच्या गाडीतला वास

इनास लोपीस यांना मी एकदाच ‘नको’ म्हणताना ऐकलं. एरवी त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. वस्तू मागितली तर ‘आहे, आहे’ आणि काम सांगितलं तर ‘होतंय, होतंय’. ऑफिसात कोणी मोठ्या ड्रॉइंगचा कागद शिल्लक आहे का विचारलं, तर ‘आहे, आहे’ म्हणून ते बाहेर पडायचे. बऱ्याच वेळाने कळायचं, की कागद कधीच संपलाय आणि ते शेजारच्या इमारतीतल्या कंपनीकडे उसना मागायला गेलेत. मला सुरुवातीला त्यांच्या या सवयीचा रागच यायचा. मी पडले तोंडावर बोलणारी. भाजी खारट झाली तर वाढणाऱ्याला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

आमचं ऑफिस मस्कतमध्ये, अल् खुवैरला. इमारतींचे आराखडे करणारी कंपनी. मी तिथे ड्राफ्ट्समन. बाई असूनही ओळखपत्रावर तसंच छापलेलं आहे. इनासभाऊ खालच्या खोलीत बसून आराखडे छापायचे, घड्या घालायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे. ते मूळचे वसईचे. रोझीताई, म्हणजे त्यांची बायको, आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी होत्या. आम्ही राहायचो माबेल्याला एकाच इमारतीत, ते तळमजल्यावर आणि मी त्यांच्या डोक्यावर. माझा नवरा सोहारला साइटवर असतो, तो गुरुवारी संध्याकाळी येतो. माबेल्याहून अल् खुवैरला रोज जायचं म्हणजे गाडी हवी, आणि माझ्याकडे लायसन्स नव्हतं. इथल्या परीक्षेत आधी ड्रम लावतात आणि त्यांच्यामधून गाडी उलटी आत घालायला सांगतात. मी दरवेळी इमानेइतबारे एक ड्रम पाडून घरी यायचे. इनासभाऊ जिन्यात उभे असायचे. माझा चेहरा बघून म्हणायचे, ‘होतंय, होतंय.’ मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटायचं.

तर मी त्यांच्याच गाडीतून जायचे. फिकट सोनेरी रंगाची जुनी गाडी. डॅशबोर्डला उन्हाने भेगा पडलेल्या, म्हणून त्यावर धुतलेला टॉवेल अंथरलेला. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. सकाळी मी खाली उतरायचे तेव्हा इनासभाऊंनी ओल्या फडक्याने सगळी धूळ पुसून ठेवलेली असायची आणि रोझीताई मागे, उजव्या दाराशी, हातात रोझरीची माळ घेऊन बसलेल्या असायच्या. मी त्यांच्या शेजारी बसायचे. म्हणजे आम्ही दोघी मागे आणि पुढे इनासभाऊ एकटे. ऑफिसातले लोक त्यांना आमचा ड्रायव्हर म्हणून चिडवायचे. ते हसून ‘आहे, आहे’ म्हणायचे.

रोझीताईंची रोझरी माबेल्याला सुरू व्हायची आणि साधारण विमानतळ मागे पडेपर्यंत संपायची. मग त्या डबा उघडायच्या. डब्यात सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी असायची, वसईहून येणारी, केळीच्या पानात बांधलेली. मला एक, इनासभाऊंना एक, एक त्यांना. उजव्या दाराची काच दोन बोटं उघडी ठेवायची, हाही त्या गाडीचा नियम होता. रोझीताईंना बंद गाडीत मळमळायचं. जून महिन्यात बाहेर भट्टी पेटलेली असताना आणि एसी धापा टाकत असतानाही ती दोन बोटं उघडी राहायची. इनासभाऊ रोज सकाळी गाडी पुसून झाली, की स्वतः मागच्या दाराशी जाऊन तेवढीच काच खाली करायचे आणि बोटं घालून बघायचे.

त्यांच्या गाडी चालवण्याबद्दल काय सांगावं. राउंडअबाउटवर आपण थांबायचं, आत असलेल्यांना जाऊ द्यायचं, एवढा नियम सगळे पाळतात. इनासभाऊ जे अजून यायचेच आहेत त्यांनाही जाऊ द्यायचे. मागून हॉर्नचा गजर व्हायचा. एकदा एका ओमानी माणसाने काच खाली करून विचारलं, की बाबा, तुला आमंत्रण द्यायला येऊ का. इनासभाऊंनी मान लववून त्यालाही पुढे जाऊ दिलं. रोझीताई माळेवरून बोट न काढता म्हणाल्या, ‘या माणसाने आपल्या लग्नातसुद्धा आधी दुसऱ्या जोडप्याला जाऊ दिलं होतं.’ ते खरंच होतं म्हणे. चर्चमध्ये त्या दिवशी दोन लग्नं होती.

त्यांची अजून एक गोष्ट सांगितली नाही, तर पुढचं कळणार नाही. आमचे डायरेक्टर ओमानी. वयस्कर, सभ्य, कायम शुभ्र दिशदाशात, म्हणजे त्यांच्या त्या पायघोळ झग्यात. एका ईदला त्यांनी ऑफिसात घरचा हलवा आणला, तूप आणि गुलाबपाण्याने थबथबलेला. सगळ्यांनी बोटाने चाखला. इनासभाऊंना तूप बाधायचं आणि गुलाबपाण्याने त्यांचं डोकं दुखायचं, पण डायरेक्टरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, फारच छान आहे. झालं. त्यानंतर डायरेक्टर गावाहून आले, की एक भांडं खास इनाससाठी आणायचे. समोर उभे राहून पहिला घास खाताना बघायचे. इनासभाऊ डोळे मिटून खायचे आणि डायरेक्टरांना वाटायचं, की माणूस तल्लीन झालाय. मी एकदा म्हटलं, सरळ सांगून टाका, त्यात काय एवढं. ते म्हणाले, ‘अगं, तो एवढ्या लांबून आणतो.’ त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

पेट्रोलचा वास पहिल्यांदा आला तो हिवाळ्यात. रोझीताईंनाच आधी आला, पण तो मलाही आला आणि इनासभाऊंनाही आला, हे मुद्दाम सांगते. तो खरा वास होता. गाडीत बसलं, की नाकात चढायचा आणि ऑफिसात पोचेपर्यंत ओढणीलाही लागायचा. इनासभाऊंनी शोध सुरू केला. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरून ठेवली, सकाळी एक थेंब डाग नाही. इथल्या कोरड्या हवेत थेंब पडला तरी उडून जातो. बॉनेट उघडून मला बोलावलं, तुझं नाक तरुण आहे म्हणाले, आणि मी ऑफिसच्या कपड्यांत इंजिनाचे सगळे पाइप हुंगत उभी राहिले. समोरच्या दुकानातला केरळी माणूस बाहेर येऊन बघत होता. वास पुढे नव्हताच. तो मागून येत होता आणि गंमत म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीला जास्त यायचा. बुधवार-गुरुवारपर्यंत नाहीसा व्हायचा.

शेवटी शनिवारी गाडी सनय्यात नेली. सनय्या म्हणजे गॅरेजांची वस्ती. तिथे दाऊदभाई म्हणून दापोलीकडचे मेकॅनिक होते, इनासभाऊंचे जुने मित्र. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की पेट्रोल कधी भरता. इनासभाऊ दर शुक्रवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून येताना भरायचे, आणि त्यांची भरण्याची पद्धत मला माहीत होती. पंपाचा नळ खट्ट करून आपोआप बंद झाला, की भरणारा बांगलादेशी पोरगा नळ काढायला जायचा आणि इनासभाऊ म्हणायचे, ‘और थोडा.’ काठोकाठ टाकी भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पूर्वी एका मोठ्या वादळात रस्ते वाहून गेले होते, पंप बंद होते, आणि रोझीताई ऑफिसात अडकल्या होत्या. तेव्हापासून ही सवय. दाऊदभाईंनी आमच्यासमोर टाकी तशीच गळ्यापर्यंत भरायला लावली, मागचं चाक काढलं, आतलं झाकण काढलं. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणारा रबरी पाइप वरच्या बाजूला तडकला होता. टाकी काठोकाठ भरली, की तिथून पाझरायचं. दोन-तीन दिवसांत पातळी खाली आली, की बंद. पाइप बदलला. दाऊदभाईंनी बजावलं, ‘आता और थोडा बंद करा, लोपीसभाई.’ इनासभाऊ म्हणाले, ‘होतंय, होतंय.’ त्या दिवशी रोझीताईंनी मला आणि दाऊदभाईंना घरी बोलावून पोटभर जेवू घातलं. वास गेला होता. मी छाती ठोकून सांगते, गेला होता.

तरी साधारण महिन्याभराने एका सकाळी रोझीताई माळ जपता जपता थांबल्या. विमानतळाजवळची गोष्ट. म्हणाल्या, पेट्रोलचा वास येतोय. मी नाक ओढलं. मला टॉवेलला लावलेल्या साबणाचा वास आला, सुकेळीचा आला, बाकी काही नाही. मी तसं सांगितलं. रोझीताईंनी आरशात इनासभाऊंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मला अजून दिसते. आपल्याला एकटीलाच काहीतरी होतंय ही भीती. इनासभाऊंनीही आरशात बघितलं. म्हणाले, ‘येतोय. मलापण येतोय.’

रोझीताईंचा चेहरा लगेच सैल झाला. वास आला तसा गेलाही. पण त्या माळेवरची जागा विसरल्या, पहिल्यापासून सुरुवात केली आणि अल् खुवैर आलं तरी रोझरी पुरी झाली नाही.

तिथून पुढचे दोन-अडीच महिने इनासभाऊंनी त्या गाडीचं काय काय केलं, ते आठवलं, की आजही मला थकल्यासारखं होतं. टाकीचं झाकण नवीन आणलं. मागची सीट उचलून खालच्या पंपाचं रबर बदललं. पेट्रोलची वाफ शोषणारा एक डबा असतो, तो बदलला. पायपुसणी काढून सोड्याने धुतली, गच्चीवर वाळवली. कॉफीची पूड वाटीत घालून सीटखाली ठेवली, लिंबं कापून ठेवली. रोझीताई रोज नाही, पण आठवड्यातून एकदोनदा थांबायच्या, मान थोडी कलती करायच्या आणि म्हणायच्या, आला. इनासभाऊ म्हणायचे, हो, आला. मी शेजारी बसून हुंगत राहायचे. माझंच नाक गेलं की काय, असं वाटून मी घरी जाऊन हिंगाची डबी उघडून बघितली.

दाऊदभाई या सगळ्याला कंटाळले होते. एका शनिवारी मीही बरोबर होते. त्यांनी गाडी वर उचलून बॅटरीच्या उजेडात एक-एक जोड दाखवला, कापडाने पुसून कापड आमच्या नाकाशी धरलं. मग हात पुसत म्हणाले, ‘लोपीसभाई, गाडीत आता काय नाय. मी उगाच तुमचे पार्ट बदलतोय. वास कोणाला येतो?’

रोझीताई बाकावर बसल्या होत्या. इनासभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ‘मला येतो,’ म्हणाले. ‘रोज येतो.’ गिऱ्हाईकच म्हणतंय, की मला येतो. दाऊदभाईंनी अजून एक रबर बदललं.

हे ऑफिसात डायरेक्टरांच्या कानावर गेलं. इनासभाऊंवर त्यांचा जीव होताच. त्यांनी एका दुपारी जाहीर केलं, की यावर उपाय फक्त लुबान. ओमानी लोकांचा लुबानवर, म्हणजे त्यांच्या त्या झाडाच्या डिंकाच्या धुपावर, फार विश्वास. घराला, कपड्यांना, पाण्याच्या माठालासुद्धा त्याची धुरी देतात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ते स्वतः पार्किंगमध्ये आले. हातात मातीचं धूपपात्र, त्यात लालबुंद निखारा. सगळी दारं उघडायला लावली, दिशदाशा सावरत वाकले, निखाऱ्यावर लुबानचे खडे टाकले आणि पात्र मागच्या सीटच्या खाली ठेवून काचा बंद करायला सांगितल्या. रोझीताई नुकत्याच त्यांच्या ऑफिसातून चालत आल्या होत्या. माझ्याशेजारी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. गाडी आतून पांढऱ्या धुराने भरली. इनासभाऊ हसत होते, डायरेक्टरांना शुक्रिया म्हणत होते.

मला काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळलं नाही. घरी जाताना, महामार्गावर, एकदम डोक्यात आलं आणि अंगावर काटा आला. ज्या गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हणून माणूस दोन-अडीच महिने जिवाचं रान करतोय, त्याच गाडीत, टाकीच्या बरोबर वर, तो हसत हसत जळता निखारा कसा ठेवू देतो? दाऊदभाईंच्या गॅरेजात कोणी सिगरेट पेटवली, तरी हे लांब जाऊन उभे राहायचे. मी त्यांना उतरल्यावर बाजूला घेऊन विचारलं, की इनासभाऊ, निखारा? ते म्हणाले, ‘काय झालं नाही ना? मग.’ आणि घाईघाईने रोझीताईंच्या मागे आत गेले.

पण लुबान लागू पडला. दुसऱ्या दिवशी रोझीताई म्हणाल्या, वास नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. त्या पूर्वीसारख्या सुकेळीचा डबा उघडू लागल्या. इनासभाऊंचा आनंद मी काय वर्णावा. त्यांनी डायरेक्टरांना वसईची सुकेळी नेऊन दिली, दाऊदभाईंना फोन करून सांगितलं, आणि त्यानंतर आलेलं हलव्याचं भांडं बोटाने पुसून खाल्लं. मीही म्हटलं, असेल बाबा, लुबानात असेल काही.

नंतर एका शुक्रवारी, घाला नावाच्या भागातल्या आमच्या इथल्या चर्चमध्ये, मिस्सा चालू असताना, रोझीताई उभ्या राहायला गेल्या आणि कोसळल्या. हातपाय झटकत होत्या. हॉस्पिटलात मेंदूचा फोटो काढला. आत गाठ होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की ही गाठ जिथे आहे, त्याच्या अगदी शेजारी वास ओळखायची जागा आहे. तिथे मेंदू मधेच बिथरतो आणि नसलेला वास येतो. कुणाला जळल्याचा, कुणाला रबराचा. यांना पेट्रोलचा. इनासभाऊंनी फक्त एवढं विचारलं, की आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, ही जात वाईट आहे, दोन-अडीच महिन्यांनी फार फरक पडला नसता. मी डॉक्टरांचे डोळे निरखून बघितले. ते खरं बोलत होते, असं मला वाटलं. इनासभाऊंनी मान हलवली आणि खाली जाऊन गाडी सावलीत लावून आले.

मुंबईला नेण्याचं ठरलं. त्याच्या आदल्या दुपारी मी हॉस्पिटलात रोझीताईंपाशी बसले होते. इनासभाऊ तिकिटांच्या कामाला गेले होते. रोझीताई बऱ्या शुद्धीत होत्या. म्हणाल्या, लुबानच्या दिवशीच मला कळलं होतं. मी म्हटलं, काय कळलं. म्हणाल्या, ‘त्याला वास येत नाही ते. निखारा आत ठेवला तरी हा हसतोय. मग मी बघितलं, वास घरातपण यायला लागला होता. माझ्या किचनमध्ये कुठून येणार पेट्रोल?’

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाल्या, ‘वास गेला सांगितलं, तेव्हा किती खूश झाला बघितलंस ना. कितीतरी दिवसांनी जेवून शांत झोपला.’ आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत, अशा आवाजात म्हणाल्या, की आता सुट्टी लागली की डॉक्टरकडे जाऊ, असं ठरवलं होतं.

मला रडू आलं नाही. त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं. ना भूक, ना रडू. मी त्यांच्या पायावर पांघरूण ओढलं आणि इनासभाऊ आल्यावर घरी गेले.

रोझीताई वसईला, मुलीच्या घरी वारल्या, पावसाळा संपता संपता. इनासभाऊ काही आठवड्यांनी परत आले ते नोकरीचा हिशोब मिटवायला आणि घर रिकामं करायला. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामावर. आराखडे छापायचे, घड्या घालायचे, पोचवायचे. घडीची कड अंगठ्याच्या नखाने दाबत जायची त्यांची सवय होती. आता एकाच कडेवरून नख कितीतरी वेळा फिरायचं. कागद आहे का विचारलं, तर असला तर द्यायचे आणि नसला तर मान हलवायचे. त्यांचं ‘आहे, आहे’ कुठे गेलं, कळलं नाही. गाडीत आता मी पुढे बसायचे. मागचं उजवं दार रिकामं. त्या दाराची काच मात्र रोज सकाळी दोन बोटं उघडलेली असायची. सुकेळीचा डबा नव्हता. राउंडअबाउटवर ते पूर्वीइतकेच थांबायचे, पण आता लोकांना जाऊ देण्यासाठी थांबलेत की निघायचंच विसरलेत, ते मला सांगता येत नसे. मागून हॉर्न वाजले, की मी हळूच म्हणायचे, इनासभाऊ, चला.

डायरेक्टर सांत्वनाला त्यांच्या खोलीत आले तेव्हा मी तिथेच होते, एक आराखडा घ्यायला गेले होते. बिचाऱ्यांनी गावाहून हलवा आणला होता. दुःखात माणसाच्या पोटात काहीतरी गोड गेलं पाहिजे, असं त्यांच्याकडे मानतात. त्यांनी झाकण काढून भांडं पुढे केलं. इनासभाऊंनी भांड्याकडे बघितलं आणि शांतपणे हिंदीत म्हणाले, ‘नको सर. मला आवडत नाही. कधीच आवडला नव्हता.’

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. डायरेक्टर तसेच उभे राहिले, हातात भांडं. मग त्यांनी झाकण लावलं, इनासभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले. माझ्यासारख्या फटकळ बाईला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं मी हेच तर सांगत होते. पण मला वाटलं, की त्यांच्यातलं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत संपलं आणि ते आता कुणालाच परत आणता येणार नाही.

मधल्या काळात मी लायसन्स मिळवलं होतं. कसं कोण जाणे, त्या वेळी ड्रम सगळे जागेवर राहिले. गाडी मीच घेतली. नवऱ्याने आणि ऑफिसातल्यांनी वेड्यात काढलं, की पेट्रोलचा वास येणारी गाडी कोण घेतं. मी म्हटलं, मी घेते.

त्यांना विमानतळावर सोडायलाही मीच गेले. दुपारचं विमान होतं. सामान डिकीत ठेवून झाल्यावर मी पुढचं दार उघडलं, पण इनासभाऊ मागे गेले आणि उजव्या दाराशी बसले, रोझीताईंच्या जागेवर. मी पुढचं दार लावलं. सीबची वस्ती मागे पडेपर्यंत ते बाहेर बघत होते. विमानतळाकडे वळायच्या थोडं आधी त्यांनी विचारलं, ‘वैशाली, वास येतो?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘मलापण कधी आला नाही,’ ते म्हणाले. ‘तो पाइप बदलल्यानंतर एकदाही नाही.’

मी आरशात बघितलं. ते सीटच्या कापडावरून अंगठ्याचं नख फिरवत होते, घडी घालताना फिरवायचे तसं. मला माहीत आहे, असं मी म्हणू शकले असते. रोझीताईंनाही माहीत होतं, असं म्हणू शकले असते. दोन्ही वाक्यं तोंडापाशी होती. मी आयुष्यभर तोंडापाशी आलेलं वाक्य कधी गिळलेलं नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘डॉक्टर बोलला, फरक पडला नसता. ते मी सोडून दिलं. पण तिला एकटीला येतो, असं तिला वाटलं नसेल ना? मलापण येतो, असंच तिला वाटलं ना, शेवटपर्यंत?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तसंच वाटत होतं. मला स्वतः बोलल्या होत्या.’

इनासभाऊंनी मान हलवली. आत जायच्या दाराशी मी गाडी लावली, ट्रॉली आणली, बॅगा चढवल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, टाकी काठोकाठ भरू नकोस, एवढं सांगितलं आणि निघाले. चार पावलं जाऊन परत आले. मला वाटलं, काही विसरलं. ते मागच्या उजव्या दाराशी गेले, काच फिरवून खाली घेतली, बोटं घालून बघितली, आणि ट्रॉली ढकलत आत गेले. मागे वळून बघितलं नाही.

बाहेर ऊन आग ओकत होतं आणि एसी काही केल्या पुरा पडत नव्हता. ती काच मी तशीच दोन बोटं उघडी ठेवून माबेल्याला आले.